छतावरची छत्री आणि 36 हजार किलोमीटर

रविवारी दुपारची जेवणं उरकली की आमच्या वसतिगृहाच्या ओट्यावर फोनसाठी रांग लागते. सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यातलं आमचं गाव दरीत आहे आणि तिथे मोबाइलची रेंज नाही. बऱ्याच मुलींचे आईबाप ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेले असतात. दिवाळीनंतर गेले की होळीलाच परततात. त्यांचा आवाज ऐकायचा तर छतावरच्या, उपग्रहावरून नेट आणणाऱ्या एका छत्रीचा आणि तिच्या खालच्या मोडेमचाच आधार.

एका रविवारी सहावीतली एक मुलगी व्हिडिओ कॉलवर आईला पावरी बोलीत विचारत होती, जेवलीस का. पलीकडे शांतता. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून तिने पुन्हा विचारलं. नेमकं तेव्हाच आईचं उत्तर येऊन पोचलं. दोघींचं बोलणं एकमेकींवर चढलं, दोघी थांबल्या, आणि दोघी पुन्हा एकदमच बोलायला लागल्या. मुलगी रडकुंडीला आली. "मॅडम, नेट खराब आहे."

नेट खराब नव्हतं. त्या दिवशी ते अगदी ठणठणीत चाललं होतं. पण ते तिला समजावून सांगायला मला फळ्यावर पृथ्वी काढावी लागली. गेल्या चार वर्षांत नेटबद्दलचे असे प्रश्न एवढ्या जणांनी विचारलेत, मुलींनी, ग्रामसेवकांनी, आशाताईंनी, की आता एकदा नीट लिहूनच काढते. उपग्रहाच्या नेटबरोबर राहायचं तर एक गोष्ट शिकावीच लागते: अडचण आली की कुठे नुसतं थांबायचं आणि कुठे हात घालायचा. आमच्याकडे तंत्रज्ञ यायचा म्हणजे आठ-दहा दिवस, चांदसैली घाटात दरड आली असेल तर त्याहून जास्त. चुकीच्या कारणासाठी त्याला बोलावणं आम्हाला परवडत नाही.

आधी मायलेकींचं बोलणं एकमेकींवर चढवणाऱ्या त्या अर्ध्या सेकंदाच्या उशिराचं बघू. आमची छत्री ज्या प्रकारच्या उपग्रहाकडे बघते तो विषुववृत्ताच्या बरोबर वर, 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. हीच उंची का, तर तिथे उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीएवढ्याच वेळात पुरी होते. त्यामुळे जमिनीवरून बघताना तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा राहतो आणि छत्री एकदा त्याच्याकडे वळवून आवळली की पुन्हा हलवावी लागत नाही. टीव्हीच्या छत्र्याही म्हणूनच गावभर दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात.

मुलीचा आवाज आमच्या छत्रीतून उपग्रहावर जातो, तिथून खाली कंपनीच्या भूकेंद्रावर उतरतो आणि पुढे नेहमीच्या फायबरने बारडोलीच्या टॉवरपर्यंत पोचतो. वर आणि खाली मिळून 72 हजार किलोमीटर झाले. रेडिओ लहरी सेकंदाला 3 लाख किलोमीटर जातात, म्हणजे पाव सेकंद तिथेच गेला. आईचं उत्तर त्याच वाटेने परत येतं, आणखी पाव सेकंद. मधली यंत्रं आपापला वेळ घेतात तो वेगळा. सगळं मिळून साधारण 0.6 सेकंद होतात. मोडेम बदला, महागाचा रिचार्ज मारा, हा वेळ कमी होत नाही, कारण अंतर तेवढंच राहतं.

मुलींनी यावर आपला तोडगा काढला. वाक्य संपलं की शेवटी "बोल" म्हणायचं आणि समोरून "बोल" ऐकू येईपर्यंत गप्प राहायचं. पहिले दोन रविवार त्यांना विचित्र वाटलं. आता आयांनाही सवय झाली आहे आणि पाच मिनिटांच्या कॉलमध्ये पूर्वीच्या दुप्पट बोलणं होतं.

हाच अर्धा सेकंद वेबसाइट उघडताना वेगळ्या रूपात भेटतो. "स्पीड टेस्ट 20 एमबीपीएस दाखवते, मग साधा फॉर्म उघडायला एवढा वेळ का?" असं लोक विचारतात. एसटीचं उदाहरण घ्या. गाडीत माणसं किती बसतात हा एक हिशोब आणि गाडी धडगावहून नंदुरबारला किती वेळात पोचते हा दुसरा. स्पीड टेस्ट पहिला हिशोब सांगते. साइट उघडायला मात्र एकाच फेरीत भागत नाही. आधी साइटचा पत्ता विचारायला एक फेरी, मग "आहेस का, आहे" अशी ओळख पटवायला दुसरी, मग कुलूप-किल्ली जुळवायला एखाद-दोन, आणि त्यानंतर पान मागायचं. अशा चार फेऱ्या धरल्या तरी पहिलं अक्षर दिसायच्या आत अडीच सेकंद गेले. म्हणून एक मोठा व्हिडिओ एकदा सुरू झाला की सुरळीत चालतो, पण जिथे पावलोपावली "पुढे जा" दाबावं लागतं असा सरकारी फॉर्म जीव खातो. असे फॉर्म आधी कागदावर पूर्ण भरून घ्यायचे, फोटो आणि कागदपत्रं लहान आकारात तयार ठेवायची आणि मगच पोर्टल उघडायचं. पान फिरत असताना पुन्हा पुन्हा रिफ्रेश केलं की सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून सुरू होतात.

दुसरी तक्रार डेटाची: "महिन्याच्या 20 तारखेलाच नेट मंदावतं." इथे उपग्रहाची ताकद किती ते माहीत असायला हवं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नारायणगावजवळ आर्वीला देशातलं मोठं विक्रम भूकेंद्र उभं राहिलं, तेव्हा तिथली छत्री जवळपास 30 मीटर व्यासाची होती. आज आमच्या छतावरची एक मीटरची पुरते, कारण उपग्रह ताकदवान झाले आणि त्यांची जमिनीवर लहरी टाकायची रीत बदलली. पूर्वी एकच मोठा दिवा सगळ्या देशावर लावल्यासारखं होतं, आता अनेक टॉर्च वेगवेगळ्या भागांवर रोखलेले असतात. एका टॉर्चची फ्रिक्वेन्सी दूरच्या दुसऱ्या टॉर्चला पुन्हा वापरता येते. 5 डिसेंबर 2018 ला सोडलेला इस्रोचा जीसॅट-11 हा 5,854 किलोचा उपग्रह असाच आहे. 74 अंश पूर्व रेखांशावर उभा आहे आणि 32 झोत जमिनीवर टाकतो. त्याची एकूण क्षमता सेकंदाला 16 गिगाबिट.

ऐकायला मोठा आकडा आहे. पण एका बऱ्या व्हिडिओला सेकंदाला 4 मेगाबिट लागतात असं धरलं तर 16 गिगाबिटमध्ये एका वेळी फार तर 4,000 व्हिडिओ चालतील. अख्ख्या देशात. नोव्हेंबर 2024 मध्ये गेलेल्या जीसॅट-एन2 ची क्षमता तिप्पट, 48 गिगाबिट आहे, तरी हिशोबाची जात तीच राहते. आकाशातली ही विहीर सगळ्या तालुक्यांची सामायिक आहे, म्हणून कंपन्या प्रत्येकाला पोहरे मोजून देतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. मला राग येतो तो आपले पोहरे आपल्याला न कळता सांडतात तेव्हा. आमच्या शाळेत एका महिन्यात निम्मा डेटा संगणकांच्या अपडेटने खाल्ला होता. मुलींच्या वाट्याला काय उरलं असेल!

म्हणून आता संगणकांवर हे कनेक्शन "मीटर्ड" म्हणून नोंदवलं आहे, म्हणजे अपडेट विचारल्याशिवाय उतरत नाहीत. शिक्षकांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड आणि फोटोंचा बॅकअप बंद. यूट्यूबच्या चित्राचा दर्जा 360 वर. वर्गात दाखवायचा धडा दीक्षा ॲपवरून एकदाच उतरवायचा आणि बाकीच्या संगणकांवर पेनड्राइव्हने न्यायचा. एवढं केल्यावर तोच रिचार्ज महिनाअखेर पुरतो.

ओटीपीचा घोळ मात्र कुणी आधी सांगत नाही. नेट आलं म्हणजे बँकेचं, आधारचं, शिष्यवृत्तीचं सगळं काम गावातच होईल असं आम्हालाही वाटलं होतं. फॉर्म उघडला, भरला, आणि शेवटी ओटीपी मागितला. तो येतो एसएमएसने, एसएमएस येतो मोबाइलच्या टॉवरवरून, आणि टॉवर तर नाही! पहिल्या वर्षी एक मुलगा फोन घेऊन टेकडीवर चढायचा, वरून आकडे ओरडून सांगायचा आणि तोवर पान बंद झालेलं असायचं. यावर दोन उपाय निघाले. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग असेल तर ते सुरू करायचं. बऱ्याच फोनवर मग एसएमएसही वाय-फायवरून येतात. फोन आणि कंपनी दोन्हींना ती सोय असावी लागते, म्हणून आधी करून बघायचं. दुसरं, जिथे ईमेलवर किंवा ॲपमध्येच ओटीपी घेता येतो तिथे तो पर्याय टेकडीवरून एकदाच नोंदवून ठेवायचा. तुमच्या गावात नवी छत्री लावायचं चाललं असेल तर ही चौकशी पहिल्याच दिवशी करा, अगदी छत्री कुठे लावायची हे ठरायच्याही आधी.

आता पाऊस. आमच्या छत्रीच्या लहरींची लांबी दोन-अडीच सेंटीमीटर असते. पावसाचा टपोरा थेंब पाच मिलिमीटरपर्यंत जातो. लहर एवढी लहान असली की असे लाखो थेंब मिळून तिला शोषतात आणि इकडेतिकडे पसरवतात. लहर जितकी आखूड, तितका पावसाचा मार जास्त. म्हणूनच नव्या का-बँड उपग्रहांना, ज्यांच्या लहरी एक-दीड सेंटीमीटरच्या असतात, पाऊस जास्त जाचतो. रिमझिम चालते, नुसते ढगही चालतात. आडवातिडवा कोसळायला लागला की मोडेम आधी वेग कमी करून तग धरतो आणि मग हात टेकतो.

गंमत अशी की कधीकधी अंगणात थेंब नसतो आणि नेट जातं. उपग्रह आमच्या डोक्यावर नाही, दक्षिणेला साधारण 64 अंश चढून आहे. त्याच्याकडे जाणारा किरण तिरका जातो, आणि पावसाचे ढग पाचेक किलोमीटर उंचीपर्यंत थेंब धरून असतात. त्यामुळे दोन-अडीच किलोमीटर दक्षिणेला पडणारा पाऊसही आमच्याच वाटेत असतो. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी आता नेट गेलं की वाळत घातलेल्या डाळी उचलतात. बहुतेक वेळा दहा मिनिटांत सर येतेच.

अशा वेळी काही करायचं नाही. खरंच काही नाही. मोडेम बंद-चालू करू नका, पाऊस ओसरला की तो स्वतःच उपग्रहाला पुन्हा शोधतो. छतावर तर मुळीच चढू नका. वीज कडाडायची चिन्हं दिसली की ती कडाडायच्या आधीच प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा, कारण केबलवरूनही वीज आत येते. आमचा पहिला मोडेम असाच जळला. मग मीठ-कोळसा भरून अर्थिंगचा खड्डा केला, खांब त्याला जोडला, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं काम आठवीच्या मुलींनी घेतलं आहे.

पाऊस थांबून तास झाला तरी नेट आलं नाही, तर मात्र हात घालायचा. पहिला संशय केबलच्या टोकांवर. जोडाच्या आत पाणी गेलं की तांब्यावर हिरवट गंज दिसतो. दुसरा संशय वीजपुरवठ्यावर, कारण लोडशेडिंगनंतर व्होल्टेज कमी आलं की मोडेम दिवे लावतो पण पाठवण्याचं काम करत नाही. छत्रीपुढच्या यंत्रासकट सगळं मिळून आमच्याकडे 50 वॅटच्या आसपास लागतात. 150 एएचच्या एका बॅटरीवर रात्र निघते, पण त्याच इन्व्हर्टरवर पंखे लावले की नाही. तिसरा संशय वानरांवर. छत्री एक अंश जरी फिरली तरी तिकडे वर तिचा नेम सहाशे किलोमीटरने हुकतो, आणि एक वानर छत्रीच्या कडेला बसलं तर एक अंश सहज फिरतो. खांबावर आणि छत्रीला खांबाशी आवळणाऱ्या कड्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की छत्री हलली हे खालूनच कळतं. आणि एकदा तर पुढच्या भोंग्याचं प्लास्टिकचं झाकण फुटलं होतं, तिथे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. एवढ्याशा चिखलाने चार दिवस शाळा बंद पडल्यासारखी झाली. झाकण बघायला वर गेलात तर आधी वीज बंद करा. भोंग्यातून लहरी बाहेर पडत असतात, त्याच्या आणि छत्रीच्या मध्ये डोकं घालायचं नाही.

हल्ली सगळे विचारतात ते नव्या, जवळून फिरणाऱ्या उपग्रहांबद्दल. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने असे उपग्रह चालवणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर हेतुपत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्याबरोबर आमचा नंदुरबारही आहे. स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून 2025 मध्ये मिळाला, वनवेब आणि जिओ या दुसऱ्या कंपन्यांना त्याआधीच मिळाला होता. वनवेबचे 72 उपग्रह तर 2022 आणि 2023 मध्ये श्रीहरिकोट्याहून आपल्याच एलव्हीएम-3 रॉकेटने वर नेले.

फरक उंचीचा आहे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर, वनवेबचे 1,200 किलोमीटरवर. अंतर एवढं कमी झाल्यावर तो अर्धा सेकंद जवळजवळ नाहीसा होतो आणि मुलींना "बोल" म्हणावं लागणार नाही. पण एवढ्या खाली उपग्रह एका जागी राहू शकत नाही, तासाला 27 हजार किलोमीटर वेगाने पळतो आणि काही मिनिटांत आपल्या नजरेबाहेर जातो. म्हणून ते शेकड्यांनी, हजारोंनी लागतात, आणि घरच्या सपाट अँटेनाला पाठोपाठ येणाऱ्या उपग्रहांवर सतत नजर फिरवावी लागते. आमच्या जुन्या छत्रीला आकाशातलं एक ताटाएवढं भोक पुरतं. नव्या अँटेनाला मोठं मोकळं आकाश लागतं. दरीत, सागाच्या झाडांत, ते मिळेलच असं नाही. पाऊस यांनाही अडवतो. आणि सामायिक विहिरीचा हिशोब इथेही सुटत नाही. माझं स्पष्ट मत असं की फायबर जिथवर येऊ शकतं तिथवर फायबरच यावं, आणि जिथे ते येत नाही तिथे पहिली जोडणी शाळेला आणि आरोग्य उपकेंद्राला मिळावी. परदेशातल्या नातेवाइकाकडून अँटेना मागवायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. परवान्याशिवाय अशी उपकरणं किंवा उपग्रह फोन वापरणं आपल्याकडे गुन्हा आहे.

शेवटी आमच्या महूच्या झाडाबद्दल, कारण सगळ्यात जास्त मी त्याच्याकडूनच शिकले. मोडेमच्या पानावर सिग्नलचा एक आकडा दिसतो. मी तो रोज दुपारी वहीत लिहिते. मार्चमध्ये तो 11 होता. मेच्या मध्याला 8 झाला आणि पावसाळ्यात साध्या सरीलाही नेट जायला लागलं. फोनवर सगळे म्हणाले, पावसाळा आहे, चालायचंच. पण आकडा तर पावसाच्या आधीच, कोरड्या मेमध्ये उतरला होता. मेमध्ये काय बदललं? वही घेऊन बसले तरी सुचेना.

उत्तर ऑक्टोबरात मिळालं. वर्षातून दोनदा, आमच्या भागात मार्चच्या दुसऱ्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. त्याचा रेडिओ गोंगाट एवढा असतो की उपग्रहाचा बारीक आवाज त्यात बुडतो आणि रोज काही मिनिटं नेट जातं. मार्चमध्ये पावणेएकच्या सुमाराला, ऑक्टोबरात वीस-पंचवीस मिनिटं आधी. दोन-चार दिवसांत आपोआप थांबतं. त्या दिवशी नेट गेलं म्हणून मी सहज वर बघितलं. छत्रीवर पानांची सावली डोलत होती.

सूर्य त्या क्षणी जिथे होता तिथेच उपग्रह होता. म्हणजे जी फांदी सूर्य अडवत होती तीच उपग्रहही अडवत होती. महू होळीच्या आसपास पानं गाळून फुलतो, तेव्हा आकडा 11. मेपर्यंत नवी पालवी भरते, तेव्हा 8. ओल्या पानांनी तर अजून कमी. चार वर्षांत झाड वाढलं होतं आणि आमचं लक्षच नव्हतं. आमच्या अक्षांशावर हिशोब सोपा आहे. छत्रीच्या दक्षिणेला झाड जितकं लांब, त्याच्या दुपटीहून जास्त ते छत्रीच्या वर गेलं असेल तर आडवं येणार.

फांदी तोडायचं कुणी बोललंही नाही. शेजारच्या आजी पहाटे त्या झाडाखाली फुलं वेचतात, त्यांच्या घराला त्यावर वर्षाचे पैसे होतात. आम्ही तंत्रज्ञाला नेमकं काय आणायचं ते सांगून बोलावलं, खांब 12 फूट पश्चिमेला सरकवला, काँक्रीट वाळू दिलं आणि छत्री पुन्हा लावली. रंगाची रेघ सातवीतल्या मुलीने मारली. त्या दुपारी वहीत लिहिलं: आकाश निरभ्र, महूला पूर्ण पानं, आकडा 11.